शेपूट नसलेलं अक्षर

"डावीकडे झुकलंय," तोमोए खालून ओरडली. "जरा वर घे."

स्टुलावर चढलेल्या रेइजीनं अक्षर लिहिलेल्या कागदी पटाची दोरी खुंटीवर बोटभर सरकवली आणि मान मागे करून पाहिलं. मासळीच्या दुकानातून तो तसाच उठून आला होता, अंगावरचा रबरी एप्रनसुद्धा काढला नव्हता.

"हे वाचायचं कसं पण? नुसतं चित्राक्षर आहे, पुढे छोट्या अक्षरांचं शेपूट नाही. शेपूट बदललं की शब्द बदलतो."

"गुरुजी एकच अक्षर लिहितात. शेपूट वाचणाऱ्यानं मनातल्या मनात लावायचं. आणि वाचायचं कसं म्हणजे? पश्चात्ताप. आणखी काय!"

अक्षर पांढऱ्या कागदावर भलंमोठं पसरलं होतं. डाव्या अंगाला 'मन' या अर्थाची खूण, उजव्या अंगाला 'नेहमी'ची. कुंचल्याचे केस फाकले होते, शाई मध्येच संपली होती आणि एका जागी तर कागद खरवडून निघाला होता. तोमोएनं त्या जागेवरून बोट फिरवलं. म्हाताऱ्याचा हात थरथरला असणार. कदाचित रडलेसुद्धा असतील. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

ती लहान असताना निवा गुरुजींनी सुलेखनाच्या भरल्या वर्गात तिचा कागद उचलून सगळ्यांना दाखवला होता. "हा हात मासळीच्या दुकानात भाव लिहायला ठीक आहे," ते म्हणाले होते. पोरं खो खो हसली. तोमोए त्या दिवशी उठली ती परत वर्गात गेली नाही. गुरुजी चूक कबूल करत नाहीत तोवर त्यांच्या गल्लीत पाऊल टाकणार नाही, असं तिनं ठरवलं. तेव्हापासून साधं तोफू आणायलासुद्धा ती लांबच्या रस्त्यानं जायची.

नशीबही असं थट्टेखोर, की लग्न झालं ते मासळीवाल्याशीच. दुकानाच्या पाट्या कोण लिहिणार? बांगडा, माकूळ, कोळंबी. रोज पहाटे नव्या पाट्या. रागारागानं लिहिता लिहिता तिचा हात कधी मोकळा झाला, तिचं तिलाही कळलं नाही.

या वसंतात टेकडीवरच्या देवळानं महाद्वाराच्या नव्या फलकासाठी अक्षरं मागवली. नावं झाकून निवड होणार होती. नारा शहरातल्या सगळ्या नामांकित हातांनी लिहून पाठवलं, निवा गुरुजींनीही. निवडलेल्या कागदावरची पट्टी काढली तर खाली तोमोएचं नाव. मासळीबाजारानं भर रस्त्यात साकेचं पिंप फोडलं. रेइजीनं तर इतकी घेतली की त्या दिवशी दुकान बायकोला एकटीला आवरावं लागलं.

आणि आठवड्यानं गुरुजींकडून हा पट आला. सोबत एक शब्द नाही, फक्त त्यांचा तांबडा शिक्का.

"मग? करणार माफ?" रेइजीनं विचारलं.

"करणार. पण हे त्यांच्या पुढ्यात उलगडून आधी त्यांच्याच तोंडून वाचून घेणार. काढ तो पट."

"अगं, आत्ताच तर लावला!"

"मग आत्ताच काढ."

तोमोए ठेवणीतला किमोनो नेसली. एका हातात पट, दुसऱ्या हातात दुकानातला सगळ्यात देखणा ताई मासा. शुभप्रसंगाला ताईच लागतो. इतकी वर्षं टाळलेल्या गल्लीत ती मान ताठ करून शिरली.

दार गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. "आलीस? फार बरं केलंस बाई! तो निकाल लागल्यापासून यांना अन्न गोड लागत नाही. नुसते कागद फाडतायत आणि माझ्यावर खेकसतायत."

तोमोएला भरून आलं. माणूस आतून इतका जळत असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

आतल्या खोलीत चुरगळलेल्या कागदांचा खच पडला होता. गुरुजी फार वाळले होते; आता त्यांच्याकडून वाचून घेणं तिच्या जिवावर आलं. तिनं पट त्यांच्यासमोर उलगडला आणि जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. वाक्य तिनं वाटेत घोकून ठेवलं होतं.

"गुरुजी, झालं गेलं विसरून जा. मी तुम्हाला माफ केलंय."

"काय केलंयस?"

"माफ."

गुरुजी बायकोकडे वळले. "ही काय बोलतेय?"

काकूंनी चहाच्या पेल्यात नजर घातली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, नीट पूर्ण लिहा म्हणून."

"माफी कसली? मासळीच्या पाट्या लिही म्हणालो, त्यात काय चुकलं माझं? त्या लिहिल्यास म्हणूनच हात सुटला ना तुझा? मला कसलाही पश्चात्ताप नाही!"

तोमोएचे कान तापले. हा माणूस तसूभर बदलला नव्हता, आणि आपण मूर्खासारख्या नटूनथटून मासा घेऊन आलो. तिनं पट गुंडाळायला हात पुढे केला.

"थांब." गुरुजींनी पट आपल्याकडे ओढला. "एवढी मोठी झालीस आणि साधं अक्षर वाचता येईना?"

त्यांनी कुंचला शाईत बुडवला. पश्चात्तापाचं शेपूट म्हणजे नुसता 'इ', शेजारी शेजारी दोन छोट्या रेघा. तोमोए श्वास रोखून कुंचल्याच्या टोकाकडे बघत राहिली. टोक कागदाला टेकलं, सरळ खाली गेलं आणि गळासारखं वर वळलं. 'शि'. मग त्याखाली 'इ'.

"कुयाशिइ," काकूंनी मोठ्यानं वाचलं.

आखाड्यात पाठ टेकलेला पैलवान, जिंकणाऱ्याकडे बघत, मुठीनं माती ठोकून जो शब्द ओरडतो, तो.