मध्यांतरानंतरचा सिनेमा

दुसरा स्पीकर कृष्णकांतने शेजारच्या दाजींच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं. नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत एवढे मोठे स्पीकर म्हणजे जरा अतीच होतं. पण त्याला ते हवे होते.

"दाजी, उद्या दुपारी आवाज होईल हं," त्याने दारातूनच सांगितलं. "व्हिडिओ आणलाय. अगदी थेटरसारखा लावून बघणार."

"लावा की," दाजी म्हणाले. "आमी पन ऐकू. तुमच्या त्या चाळीतल्यावानी."

दाजी आणि त्यांच्या बायको हौसाबाई मूळचे जवळच्याच कोन गावचे. चाळीच्या गोष्टी त्यांनी ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. परळला चंद्रविलास टॉकीजच्या पाठीमागे कृष्णकांतची खोली होती. टॉकीजचा पडदा आणि खोली यांच्यामध्ये एकच भिंत. दिवसाला चार खेळ, आणि चारही तिकिटाशिवाय कानावर. शिवाय डोअरकीपर काशिराम ओळखीचा. नवा सिनेमा लागला की मध्यांतरानंतर तो कृष्णकांतला गुपचूप आत सोडायचा. त्यामुळे या गृहस्थाने जन्मात एकाही सिनेमाचा पहिला भाग पाहिला नव्हता.

"मंग सुरवातीला काय झाला, ते कसा कलायचा?" हौसाबाई विचारायच्या.

"सुरुवातीला काय असतं? गाणी आणि रडारड. खरी मारामारी शेवटीच."

सगळे हसायचे. त्याची बायको कुमुदही हसायची, जरा उशिरा.

चंद्रविलास बंद पडलं तेव्हा कृष्णकांतला फार हळहळ वाटली. ती खरीच होती. कशाची, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

ऑफिस आणि नाक्यावरच्या गप्पा आटोपून तो घरी यायचा तो बरोबर संध्याकाळच्या खेळातली शेवटची मारामारी सुरू व्हायच्या बेताला. हातपाय धुवायचा. दाराला कडी घालायचा. भिंतीपलीकडे नायकाने पहिला ठोसा हाणला की अलीकडे कुमुदच्या पाठीत पहिला बुक्का बसायचा. कारण लागायचं नाही, आणि लागलंच तर आमटी होतीच. पडद्यावरची बाई किंचाळायची, कुमुद किंचाळायची, आणि अख्ख्या चाळीत कुणी ताटावरून मान वर करायचं नाही. डाकूंच्या एका सिनेमाने तिथे सहा महिने मुक्काम ठोकला. त्या सहा महिन्यांत कुमुदची दोन बोटं मोडली आणि डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं. माणूस हलकट होता, पण शिस्तीचा. पलीकडे सिनेमा संपला की हात आवरायचा, पाट मांडायचा आणि जेवायला बसायचा.

टॉकीजमागोमाग चाळही पाडली, आणि कृष्णकांत कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी धरून पनवेलला आला. इथली शांतता त्याला सोसेना. आल्या आल्या त्याने कुमुदला एकदा भिंतीवर आपटलं, तर चुलीवरचं दूध उतू जायच्या आत हौसाबाई दारात हजर.

"काय झाला गो? काय पडला?"

"पातेलं पडलं," कुमुद म्हणाली.

हौसाबाई तिच्या कपाळाकडे बघत उभ्या राहिल्या, हलेनात. तेव्हापासून वर्षभर कृष्णकांतचे हात खिशात होते. वर्षभरात कुमुद उलट बोलायला शिकली. गेल्या आठवड्यात तर तिने तोंडावर सांगितलं, दिवाळी झाली की मी भावाकडे कायमची राहायला जाते. शनिवारी कृष्णकांत स्पीकर घेऊन आला.

स्पीकर बघून कुमुद समजायचं ते समजली. रात्रभर ती पंख्याकडे बघत पडून राहिली. सकाळी चहा पुढे ठेवताना मात्र ती शांतपणे म्हणाली, "कॅसेट त्या डाकूंच्या सिनेमाचीच आणा ना. सहा महिने चालला होता तो."

कृष्णकांतने चमकून वर पाहिलं. मग त्याला मनापासून बरं वाटलं. एवढा एक आवाज घरात आला, तर बाई आपणहून ताळ्यावर आली.

रविवारी जेवणं झाली. कडी कुमुदनेच घातली. "आवाज पूर्ण सोडा," ती म्हणाली. "दाजींना सांगितलंय ना." आणि भांडी घासायला आत गेली.

कृष्णकांतने आरामखुर्चीत बसून पाय स्टुलावर टाकले. घाई नव्हती. शेवटची मारामारी यायला अजून दोन तास होते. पडद्यावर कुणाचं तरी लग्न निघालं होतं. हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं, पण अपेक्षेप्रमाणे गाणी होती. त्याचे डोळे जड झाले. स्वयंपाकघरातून कुमुदचा आवाज येत होता. नटनट्यांच्या तोंडून वाक्य निघायच्या आधीच ती ते पुटपुटत होती, एकही शब्द न चुकवता. त्याला हसू आलं. दिवसभर घरात बसणारी बाई, चारचार खेळ कानावर पडायचे, पाठ होणारच.

त्याचा डोळा लागला.

लग्नाच्या मांडवात घोडे घुसले. बंदुका सुटल्या, बायका किंचाळल्या, खिडक्यांची तावदानं थरथरली. कृष्णकांत दचकून जागा झाला आणि उठायला गेला, तोच त्याच्या गुडघ्यावर पहिला घाव बसला. तो जिवाच्या आकांताने ओरडला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. खुर्चीशेजारी कुमुद उभी होती, दोन्ही मुठींत लोखंडी बत्ता धरून.

दुसरा घाव मनगटावर बसला. भिंतीपलीकडून दाजींनी खूश होऊन शिट्टी मारली.

"हा दरोडा," कुमुद त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मध्यांतरापर्यंत चालतो, अहो."