बारा डब्यांचा गट

समानता आधी भिंतीवर यावी लागते, मग ती माणसांत उतरते. माजलगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती दोन हजार सातच्या मे महिन्यात उतरली, सकाळी आठ वाजता, जीपमधून, युरियाच्या पोत्यात.

शिपाई धुळाजीनं पोतं लॅबमध्ये रिकामं केलं. वायरलेस इंटरनेटचे बारा पांढरे डबे, प्रत्येकाला अँटेनाची दोन शिंगं. काल हेच डबे संस्थेच्या वडवणीच्या कॉलेजात टांगलेले होते. काल मान्यतेची तपासणी समिती तिथं होती. आज इथं येणार होती.

"लई अवघड हाय का गं?" संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव खुर्चीत बसत म्हणाले.

"नाही अण्णा." शिवकन्यानं वायर जोडली. "बाराही डब्यांचा एक गट केलाय. एकात नाव आणि पासवर्ड बदलला, की बाकीचे अकरा आपोआप तेच घेतात."

"म्हंजी एकाला सांगायचं आन् बाकीच्यांनी निमूट ऐकायचं. ह्यात नवीन काय? आपली संस्था धा वर्सं तशीच चालती."

प्राचार्य हसले. मग प्राचार्यांच्या मागं उभे असलेले सगळे हसले.

शिवकन्यानं नावातलं 'वडवणी' काढून 'माजलगाव' टाकलं. मिनिटभरात बारा हिरवे दिवे लागले.

"आन् तुजं नाव?" सुंदररावांनी विचारलं.

ती पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. तास झाला तर पगार, सुट्टी लागली तर घरी. समितीला कायम प्राध्यापक दाखवायचे होते; तिचं खरं नाव तासिकेच्या वहीत असल्यानं ते चालणार नव्हतं.

"काल वडवणीची कावेरी होते. आज नीलम्मा."

"कुनी वळखलं तर?"

"बहीण म्हणायचं."

"शाबास." त्यांनी जाकिटाच्या खिशावर थाप मारली. तिला कायम करण्याची ऑर्डर तिथं टाइप होऊन पडली होती. फक्त सही राहिली होती.

बाराला समिती आली. जाड चष्म्याच्या एका सदस्यांनी लॅपटॉपवर नेटवर्कचं नाव पाहिलं. बरोबर होतं. मग ते दाराजवळच्या डब्याखाली थांबले.

डब्यावर कुंकवाचं बोट होतं. काल वडवणीत नारळ फोडून अध्यक्षांच्या पत्नी सत्यशीलाबाईंनी बाराही डब्यांना कुंकू लावलं होतं. नाव बाराही डब्यांनी बदललं होतं. कुंकू पुसायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम, काल वडवणीला तुमच्यासारख्याच एक बाई होत्या."

शिवकन्यानं सुंदररावांकडं पाहिलं. त्यांचा हात खिशावर होता.

"माझी बहीण आहे, सर."

"आणि हा डबा?"

कुणी हसलं नाही.

"तोही त्याच घरचा, सर."

सदस्यांनी खिशातून रुमाल काढला, कुंकू पुसलं, डाग आत ठेवून रुमालाची घडी घातली. "जेवायचं किती वाजता आहे?"

"पानं वाढलीच हायती साहेब," सुंदरराव उठले. "आमरस हाय."

चारला धुळाजी शिडीवर चढून डबे उतरवू लागला. शिवकन्या जीपपाशी गेली.

"अण्णा, सही."

"उद्या परळी होऊ दे की. तूच म्हन्लीस ना, गट हाय म्हनून? एकदाच करू समद्यांचं."

तिनं पोत्याचं तोंड धरलं. धुळाजी एकेक डबा आत टाकत गेला.

महिन्याभरानं तिन्ही कॉलेजांना मान्यता आली. वडवणीची कावेरी, माजलगावची नीलम्मा आणि परळीची मनकर्णा, तिघीही अहवालात कायम आहेत. शिवकन्या तासिका तत्त्वावर आहे.