खारी लस

हिराजीने पेला ओठांना लावला, पण घोट काही गिळला नाही. चंपावतीच्या मनात पाल चुकचुकली. आठ महिन्यांनी शहरातून आलेला नवरा सकाळपासून पाणीच पीत नव्हता.

वाडीतल्या विहिरी खारावल्या तेव्हा सगळ्यांनी लस टोचून घेतली होती. तिच्यामुळे पेशींमध्ये क्षार इतके वाढत, की समुद्राचं पाणीही त्या आत ओढून घेत. लस नसलेल्याने तेच पाणी प्यायलं, तर ते त्याच्या पेशींमधली ओल बाहेर खेचून काढी.

दुपारी परसात तो बाटलीतलं गोडं पाणी पिताना तिला सापडला.

"लसीवर उतारा घेतलात ना? कोण आहे तिकडे शहरात?"

"दादा," तो खाली मान घालून म्हणाला. "त्याला मूत्रपिंड द्यायचंय. आपलं खारं मूत्रपिंड त्याच्या अंगात चालत नाही. आणि उतारा घेतला की लस पुन्हा टोचता येत नाही. तुला सांगायचा धीर होईना."

म्हणजे हा आता वाडीत कधीच राहू शकणार नव्हता.

"जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा," चंपावती म्हणाली, "तो उतारा मला मिळेल का."