हवालदारची जागा

सत्याचा विजय अखेर होतोच. फक्त त्या दिवशी सत्याच्या बाजूचे सगळे हजर असतातच असं नाही.

गाणं शिकवणाऱ्या अंध बाई हॉटेलाविरुद्धचा खटला जिंकून त्याच हॉटेलात आल्या. त्यांना वाट दाखवणारा कुत्रा, हवालदार, मालकाच्या हुकमावरून त्यांना एकदा दाराबाहेर बांधावा लागला होता. वळणाऱ्या ट्रकखाली तो तिथंच गेला. आज बाईंच्या हातात नुसता त्याचा पट्टा होता. तो त्यांनी टेबलाखाली नीट पसरून ठेवला.

मालक लगबगीनं टेबलाशी आला. "बाई, झालं गेलं विसरा. आता कायदाच झालाय, कुत्रा कुठंही बसू दे. म्हणाल तर माझ्या खुर्चीत बसवतो!"

"नको हो, तो खालीच बरा. शिस्तीचा आहे."

मालकानं वाकून पाहिलं. खाली पट्ट्याशिवाय काही नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि वेटरला हाक मारली, "अरे, बाईंना चहा आण, आपल्याकडून!"

"चहाचं राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या. "तुमचा डावा पाय तेवढा उचला. त्याच्या शेपटीवर पडलाय."