नावाला ओ

“रत्ना,” मोरेश्वररावांनी पुन्हा हाक मारली.

टेक्ससमधल्या मुलाच्या घरी रत्नाबाई काचेच्या दाराशी उभ्या राहून मागचं अंगण बघत होत्या. त्यांनी ओ दिली नाही. गेल्या अकरा दिवसांत एकदाही दिली नव्हती. कान उत्तम होते. कुकरची शिट्टी झाली की मान वळायची. नावाला मात्र वळत नव्हती.

“बाबा, सोमवारी आईला तपासायला नर्स येणार आहे,” सकाळी ऑफिसला निघताना मुलगा, गिरीश, म्हणाला होता. “आईनं नावालाही रिस्पॉन्स दिला नाही, तर तिला मेमरी केअरमध्ये, स्मृती गेलेल्यांच्या होममध्ये, ठेवावं लागेल. मग ती तिथेच राहील.”

अठ्ठावन्न वर्षांच्या संसारानंतर मोरेश्वररावांना एवढी एक ओ हवी होती.

“आजोबा, फोकस!” नातीनं टेबलावर पेन्सिल आपटली. नऊ वर्षांच्या इशिताला शाळेत चिठ्ठीवर आयर्लंडमधला एक जिल्हा आला होता. प्रोजेक्ट उद्याच द्यायचा होता.

मोरेश्वररावांनी नागपुरात आयुष्यभर भूगोल शिकवला होता. ते कागदाकडे वळले. “हं, वाच नाव.”

“लाओइस.”

“लिहितात तसं. म्हणतात मात्र लीश.”

“दॅट्स चीटिंग!”

“ऐक तर. साडेचारशेहून जास्त वर्षं झाली. इंग्लंडच्या राणीच्या राज्यात हा मुलूख ताब्यात घेतला आणि त्याला नवं नाव दिलं, क्वीन्स काउंटी. म्हणजे राणीचा जिल्हा. मग कोर्टात तेच, नकाशात तेच, जमिनीच्या कागदांवरही तेच. शंभरएक वर्षांपूर्वी, देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास, तिथल्या कौन्सिलनं ठराव केला आणि जुनं नाव परत आलं.”

“पण इतकी वर्षं लक्षात कसं राहिलं?”

“कागदावरचं नाव बदलता येतं गं. पण आतलं...”

बोलता बोलता ते थांबले. तांदळाचं ताट डोळ्यांपुढे आलं. लग्नात त्यांनीच अंगठीनं त्या तांदळात ‘रत्ना’ लिहिलं होतं. मग पेढे वाटले गेले. त्याआधी तिचं नाव दुसरंच होतं. काय होतं? त्या नावानं त्यांनी तिला कधी हाकच मारली नव्हती. पासपोर्टवर ते नव्हतं. माहेरचं आता कुणी उरलं नव्हतं.

“इशू, लग्नाआधी आजीचं नाव वेगळं होतं,” ते हळूच म्हणाले. “आणि मी ते विसरलो बघ.”

“वेणू,” नकाशा रंगवता रंगवता इशिता म्हणाली.

ऐकताक्षणी त्यांना आठवलं. वेणूच. “तुला कुणी सांगितलं?”

“ती बाहेरची आजी हाक मारते ना. रोज याच टाइमला. मग आपली आजी म्हणते, आले.”

मोरेश्वररावांनी बाहेर पाहिलं. टेक्ससच्या उन्हात गवत कुंपणापर्यंत वाळून गेलं होतं. अंगणात कुणी नव्हतं. फक्त काचेवर, बाहेरच्या बाजूनं, कपाळाच्या उंचीवर कुंकवाचा एक पुसट ठिपका होता. कुणीतरी कपाळ टेकवून आत बघावं, तसा.

त्यांच्या अंगावर काटा आला. पण सोमवार जवळ आला होता. त्यांनी हाक मारली, “वेणू.”

“ओ!”

रत्नाबाई गर्रकन वळल्या. डोळे लख्ख होते, सोळा वर्षांच्या मुलीसारखे. मोरेश्वररावांचा ऊर भरून आला. हात पुढे करून ते तिच्याकडे निघाले.

ती मागे सरकली. तिनं पदर घट्ट ओढून घेतला आणि काचेकडे तोंड करून म्हणाली, “आई, लवकर ये गं. घरात कुणीतरी परका माणूस शिरलाय.”