अस्वस्थ प्रवाशांसाठी सूचना

तारेवरून जाणारा हवाई डबा नदीच्या बरोबर मध्यावर थांबला आणि आसन चारवरच्या मृण्मयीनं घड्याळ पाहिलं. खो-खोच्या राज्य निवडीची हजेरी दहाला होती आणि दहाला जेमतेम सात मिनिटं उरली होती.

"आसन चारवरच्या प्रवाशाची नाडी एकशे अठरा," डबा गोड आवाजात म्हणाला. "अस्वस्थ प्रवासी शांत होईपर्यंत डबा पुढे जाणार नाही."

"अगं, डोळे मीट, रामनाम घे," समोर बसलेल्या लोखंडेकाकू म्हणाल्या. "तुझ्यापायी माझी मेथी सुकतेय."

मृण्मयीनं डोळे मिटले. नाडी एकशे तीस झाली.

"शाब्बास!" काकू म्हणाल्या.

मृण्मयी ताडकन उठली. "ए डब्या, खरं सांग. हा कायदा आहे की तुमच्या कंपनीचा नियम?"

प्रवाशानं असं थेट विचारलं की डब्याला खोटं बोलता येत नसे. "नियम," तो जरा रेंगाळत म्हणाला.

"मग कायदा काय म्हणतो?"

"नियम मोडणाऱ्या प्रवाशाला डांबून ठेवता येत नाही. पुढच्या थांब्यावर उतरवावं लागतं."

"पुढचा थांबा कुठला?"

"क्रीडासंकुल."

"मी शांत होत नाही, म्हणजे नियम मोडला. मग उतरव ना मला! बघतोयस काय?"

डबा सुरू झाला. "आज आपल्याला पुन्हा बसता येणार नाही," त्यानं बजावलं.

"येताना चालत येईन!"

थांब्यावर दार अर्धंच उघडलं, तशी ती तिरकी होऊन बाहेर सटकली. खाली मैदानात निवडीच्या बाई हजेरी वाचत होत्या, "मृण्मयी सोनटक्के?"

"हजर!" ती थांब्याच्या जिन्यावरूनच ओरडली.