गज उचलायची जागा

"विसरलात ना पुढचं, ओबीकाका?" नेल्डाने टेप थांबवत चिडवलं. केंटकीच्या आमच्या डोंगरांत ती फिडलवरच्या जुन्या धुना टेप करत फिरते.

"विसरत नाही मी. धुनेच्या या जागी माझे आजोबा पळाले."

ती हसली. पण खरंच, आजोबांनी ही धून पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती वरच्या खिंडीतल्या ओसाड खोपटात वाजत होती आणि वाजवणारं कुणी दिसत नव्हतं. धून अर्ध्यात असतानाच त्यांनी जी धूम ठोकली ती थेट घरी, आजीच्या चुलीपर्यंत. तेव्हापासून आमच्याकडे सगळे तिथे आले की तारांवरून गज उचलतात. पुढचं कुणालाच येत नाही.

"तुमच्यानंतर कोण वाजवणार?"

"कोण असणार, पोरी? सगळे डेट्रॉइटला गेले कारखान्यात."

दुपारी तिची गाडी ओढ्यापलीकडे गेली. मी परत फिडल घेतलं. नेहमीच्या जागी गज उचलला.

धून पुढे चालू राहिली.

गज हवेत होता, बोटांखालच्या तारा गप्प होत्या. सूर माझ्या पाठीमागून, घरातल्या शेकोटीजवळून येत होते.

पळावंसं वाटलं. पण आजोबांना पळून जायला आजी होती.

मागे न बघता मी दुसरी खुर्ची तिकडे सरकवली.